‘इतर’मधलं नाव

नगराध्यक्षपद बाईसाठी सुटल्याची बातमी मला गिरणीत कळली. आमचं गाव नांदेड जिल्ह्यातलं, तालुक्याचं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी आहे. ज्वारीचं दळण चालू होतं आणि आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून दळण घेऊन आलेल्या बाईनं मोबाइलच माझ्या डोळ्यांपुढं धरला. मी गिरणी बंद केली आणि बातमी परत वाचली. अध्यक्ष थेट लोकांच्या मतावर निवडायचा होता, आणि ती बाईच असणार होती.

पक्षाचं काम मी पंधरा वर्षं करत होते. काम म्हणजे मतदार चिठ्ठ्या वाटायच्या, बायकांना सभेला न्यायचं, मतदानादिवशी बूथबाहेर उन्हात बसायचं. व्यासपीठावर मला कधी कुणी बसवलं नाही, आणि मीही कधी मागितलं नाही. त्या दिवशी मात्र मनात आलं की उमेदवारी मागायला काय हरकत आहे?

जेवताना नवऱ्याला सांगितलं. ते मोटार रिवायंडिंगचं काम करतात, बोलतात कमी.

“तिकीट माजी अध्यक्षांच्या सुनेलाच जाणार,” ते म्हणाले. “हे सगळ्या गावाला माहीत हाय.”

“जाऊ द्या. मी मागते तरी.”

“मागायचं तर नीट माग. मधूनच माघारी येऊ नको.”

दुसऱ्या दिवशी लातूरहून भावाचा फोन आला. आमचे वडील तिथं डाळ मिलमध्ये हमाल होते. भाऊ आता त्याच मिलमध्ये मुकादम आहे. “बाई, तुला तिथं कोण वळखतंय?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “दळण आणणाऱ्या समद्या बाया.” तो हसला. मी हसले नाही.

अर्ज आपांनी लिहून दिला. आपा म्हणजे आमच्या गल्लीतल्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचं मराठी अक्षर माझ्यापेक्षा सुरेख आहे. ‘शिक्षण’ या रकान्यात मी बारावी नापास लिहायला कचरत होते. आपा म्हणाल्या, “जो सच है, लिख. खोटं लिहिलं की आपलीच जबान अडखळते.”

आठवड्यानं पक्षानं नेमलेला सर्व्हेवाला फिरायला लागला. चाळिशीचा, नांदेड शहरातला माणूस. फिरत फिरत तो गिरणीतच आला आणि अध्यक्ष म्हणून कोण आवडेल, असं मला विचारून त्यानं पाच नावं वाचली. पहिलं नाव माजी अध्यक्षांच्या सुनेचं होतं. माझं कुठंच नव्हतं.

“मी बी अर्ज केलाय,” मी म्हटलं.

तो गडबडला. “ताई, मला वरून यादी आली तशी वाचतो. तुमचं नाव ‘इतर’मध्ये टाकू का?”

“टाका. पण ‘इतर’मध्ये कुणाचं नाव घेतलं ते लिहायला जागा हाय का?”

“न्हाई. नुसती खूण करायची.”

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. पंधरा वर्षांत पक्षाच्या कुठल्या यादीतून कधी काही राहिलं तर ती यादी दुरुस्त करणारी मीच असायचे. संध्याकाळी आपांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “खूण करू दे त्याला. आपण लोकांना तोंडानं नाव घ्यायला लावू.”

त्यानंतर रोज दुपारी गिरणीला कुलूप लावून आम्ही दोघी गल्ल्या फिरलो. मी दारात उभी राहून सांगायची, मला तिकीट हवंय, सर्व्हेवाला आला तर माझं नाव घ्या. एकीनं दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “तू चांगली हायस, पण निवडून येशील का?”

“तुम्ही मत दिलं तर येईन, काका.”

“असं व्हय,” ते म्हणाले आणि विचारात पडले.

मुलाखती नांदेडला एका मंगल कार्यालयात होत्या. बाकीचे इच्छुक गाड्यांच्या ताफ्यानं आले होते, बाहेर ढोल वाजत होता. मी, आपा आणि गल्लीतल्या चौघी भोकरला बस बदलून एसटीनं गेलो. आत तिघे जण बसले होते. मधले पांढऱ्या केसांचे गृहस्थ समितीचे प्रमुख होते.

“तुमच्या मागं कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“पाच जणी बाहेर बसल्यात.”

दोघे हसले. प्रमुख हसले नाहीत. त्यांनी समोरचा कागद उलटला. “सर्व्हेत ‘इतर’चा आकडा बराच आलाय. त्यात कोण कोण आहे, ते आम्ही मोजलं नाही.”

“मग मोजा, साहेब,” मी म्हटलं. “माझं नाव यादीत घालून एकदा विचारा. नाही आलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

अशा लोकांपुढं मी कधी बोलले नव्हते. पण आवाज नीट निघाला.

त्यांनी खरंच पुन्हा विचारलं. चार दिवसांनी प्रमुखांचा स्वतःचा फोन आला. सहा नावांत माझं दुसरं आलं होतं. तिकीट पहिल्या नावाला गेलं. “तुम्ही तुमच्या प्रभागातून नगरसेवकपदाला उभ्या राहा,” ते म्हणाले.

मी एक दिवस मागून घेतला. अपक्ष उभी राहा, असं सांगणारेही आले. आपांनी एवढंच विचारलं, “तुला कुणाला हरवायचं आहे, की काम करायचं आहे?” मी दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

प्रचारात माजी अध्यक्षांची सून माझ्या प्रभागात आली. तिशीची, शांत मुलगी. मागच्या गल्ल्या तिनं पाहिल्याच नव्हत्या. चालता चालता ती हळूच म्हणाली, “ताई, तुम्हाला वाईट वाटत असेल ना?”

“वाटतंय,” मी म्हटलं. “पण आधी ह्या दारात बोला. इथं आठ दिवसांनी पाणी येतं, ह्या घरातल्यांना ते सांगायचंय.”

ती अर्धा तास त्या दारात उभी राहिली आणि तिनं सगळं ऐकून घेतलं. तेव्हापासून मी तिच्यासाठी मनापासून मतं मागितली.

आम्ही दोघी निवडून आलो. ती मोठ्या फरकानं, मी थोडक्यात. नगरपालिकेच्या पहिल्याच सभेत मी मागच्या गल्ल्यांच्या पाण्याचा विषय मांडला. माझं बोलून व्हायच्या आधीच तिघे जण बोलायला उठले, तेव्हा अध्यक्षबाईंनी त्यांना थांबवून मला बोलू दिलं. आता तिथं चौथ्या दिवशी पाणी येतं. एक दिवसाआड यावं म्हणून मी दर महिन्याला अर्ज देते, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय उठत नाही.

पुढच्या निवडणुकीला पद कुणासाठी सुटेल ते माहीत नाही. खुलं सुटलं, पुरुष समोर असले, तरी मी तिकीट मागणार आहे. समितीच्या प्रमुखांना तसं सांगून ठेवलंय. “अजून पुष्कळ वेळ आहे,” ते म्हणाले.

“म्हणूनच आत्ता सांगितलं,” मी म्हटलं.