शेवटची सोळा पानं

मला राग पटकन येतो आणि एकदा आला की जात नाही, हे आधीच सांगून ठेवते. कुणी म्हणेल, एका कादंबरीवरून एवढा डूख धरायचा असतो का? असतो. निदान मी धरला. ज्यांच्यावर धरला ते आम्हाला एम. ए.ला मराठी शिकवायचे, म्हणून त्यांना सरच म्हणते. तेवढा मान ठेवते, त्याहून जास्त नाही.

आम्ही एकलहऱ्याला कॉलनीत राहायचो. पप्पा वीज केंद्रात शिफ्टला जायचे. मी सकाळी बसने नाशिकरोड, तिथून दुसऱ्या बसने कॉलेज. दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक कादंबरी नेमली होती. जुनी. छापणारा प्रकाशक कधीच बंद पडला होता, बाजारात प्रत नाही, आणि कॉलेजच्या लायब्ररीत काळ्या रेक्झिनची बायंडिंग केलेली एकच प्रत. ती आळीपाळीने वाचायची. म्हणजे कुणी वाचायचंच नाही. सगळे शालिमारच्या पुस्तकबाजारात जाऊन सरांनी लिहिलेलं गाईड आणायचे. त्यातलं 'उंबरठ्यावरची स्त्री' नावाचं प्रकरण पाठ केलं की काम झालं. दरवर्षी त्यावरच प्रश्न यायचा.

माझी खोड अशी की मी मूळ पुस्तक घेतलं. आणि अहो, काय सांगू! डोक्यावरून गेलं. एक वाक्य सुरू झालं की संपायचं नावच नाही. नाशिकरोडला धरलेलं वाक्य द्वारका चौक आला तरी चालूच. पहिली पन्नास पानं एक बाई नुसती स्वयंपाकघरात बसलेली. मीठ कुठल्या बरणीत, हळद कुठल्या डब्यात, फडताळाच्या कुठल्या फळीवर धूळ बसलीय, सगळं सविस्तर. नवरा गावात प्रतिष्ठित, घरात जनावर. ती सोसते, आपण जांभया देतो. कितीदा तरी मी पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बसमध्ये झोपले असेन.

तरी रेटलं. शेवटच्या पानावर एका संध्याकाळी नवरा तिच्यावर ओरडतो, ती चुलीपुढून उठते, दाराशी जाते. 'तिने कडीला हात घातला.' बस. पूर्णविराम. पुढे पुठ्ठा.

दुसऱ्या दिवशी सर त्याच शेवटावर बोलत होते. लेखकाने इथे मुद्दाम हात थांबवला, भारतीय स्त्रीचं पाऊल उंबरठा ओलांडत नाही, त्या न ओलांडण्यातच तिचं मोठेपण आहे, वगैरे. मी साधेपणाने हात वर केला आणि विचारलं, "सर, पुढचं पान फाटलंय का?"

वर्ग खो खो हसला. ते ठीक आहे, मीही हसले असते. पण सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि अगदी मायेच्या सुरात म्हणाले, "त्याला मुक्त शेवट म्हणतात. तो कळायला घरात वाचनाचे संस्कार असावे लागतात. तुमच्याकडे... असो. तू गाईड वाच. तुला पास होण्याशी मतलब."

त्या 'असो'चा अर्थ शेवटच्या बाकापर्यंत पोचला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ते चिडून बोलले असते तर मी सोडून दिलं असतं. मायेने बोलले, म्हणून नाही सोडलं. पोरांनी त्या दिवसापासून माझं नाव 'फाटकं पान' ठेवलं. कॅन्टीनमध्ये, जिन्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर, सगळीकडे तेच.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. ते बूट काढत होते. म्हणाले, "संस्कार? आपल्या भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो बघ, त्यांच्या हातातसुद्धा पुस्तक आहे. तुझ्या सरांच्या भिंतीवर कुणाच्या हातात काय आहे ते विचार एकदा." मग म्हणाले, "जाऊ दे, मार्क त्यांच्या हातात आहेत." मम्मी म्हणाली, जाऊ दे. मैत्रीण म्हणाली, जाऊ दे. सगळ्या जगाने मला जाऊ दे म्हटलं. का म्हणून जाऊ द्यायचं?

मी कादंबरी पुन्हा काढली. या वेळी झोप आली नाही. रागाने वाचलं की डोळे कसे टक्क उघडे राहतात! जी वाक्यं आधी वाचवत नव्हती ती आता शत्रूच्या घराची झडती घ्यावी तशी वाचली. आणि जसजशी वाचत गेले तसतसं पटत गेलं की इथे काहीतरी गडबड आहे. मीठ कुठल्या बरणीत ते सांगणारा लेखक हा. त्याच्या पुस्तकात दिवा लागला तर तो कुणी लावला, कधी विझवला, सगळं येतं. असा माणूस बाईला दाराशी नेऊन उभी करेल आणि निघून जाईल? डोंबलाचा मुक्त शेवट!

पण नुसतं वाटून काय उपयोग? दुसरी प्रत हवी. लायब्ररीतल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, आहे ती एवढीच, आणि परत करताना कव्हर पुसून दे. गावातली वाचनालयं पालथी घातली. रद्दीवाल्यांकडे धूळ खाल्ली. नेटवर एक पीडीएफ सापडली तेव्हा मी बसमध्येच ओरडले. उघडून बघते तर पहिल्याच पानावर आमच्याच कॉलेजचा शिक्का! कुणीतरी तीच प्रत मोबाईलने स्कॅन करून टाकलेली. तिच्यावरून लोकांनी व्हिडिओ केले होते आणि प्रत्येक जण सरांच्या गाईडमधलीच वाक्यं म्हणत होता. म्हणजे सगळा महाराष्ट्र त्याच एका दारात उभा. मी दातओठ खात मोबाईल बंद केला.

आता पुढचं ऐका. माझी मैत्रीण दिंडोरीची. घरची द्राक्षाची बाग. छाटणी चालू होती, चार दिवस सुट्टी होती, तिने मला घरी नेलं. तिची आत्या तिथेच राहायची, नवऱ्याला सोडून भावाकडे आलेली. दुपारी मजुरांचं जेवण आटोपल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि मी त्या कादंबरीच्या नावाने बोटं मोडत होते. आत्या शेंगा फोडत होती. मध्येच म्हणाली, "अगं, मी वाचलीय ती. कॉलेजात असताना इकत घेतली होती. शेवटी लय भारी हाय ना?"

मी म्हटलं, "काय भारी? ती कडीला हात घालते आणि संपतं."

"कुठं संपतंय? हाकलत नाय का ती त्याला?"

"कुणाला?"

"नवऱ्याला गं! त्याची पेटी, त्याचं धोतर, त्याची काठी, समदं उचलून ओट्याखाली टाकती. तो बाहेर, ती आत. आन् आतून कडी लावून घेती. मग शांत बसून जेवती." आत्याने एक शेंग तोंडात टाकली. "मला लय बरं वाटलं होतं तवा."

"पुस्तक आहे?" मी विचारलं. आत्या आत गेली, लोखंडी कपाट कुरकुरलं, आणि ती पुस्तक घेऊन आली. मूळ चित्राचं कव्हर, शिवण शाबूत. मी मागचं पान उघडलं. लायब्ररीतली प्रत दोनशे आठ पानांवर संपत होती. ही दोनशे चोवीसवर. पुस्तक सोळा सोळा पानांच्या घड्या शिवून बांधतात, आणि आमच्या प्रतीची पुन्हा बायंडिंग करताना शेवटची घडीच राहून गेली होती. नेमकी अशा जागी की वाक्य पुरं झालेलं. साल तेच, आवृत्ती तीच, छापखानाही तोच, हे मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून नंतर ताडून पाहिलं.

आणि सरांनी त्या गळलेल्या सोळा पानांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं!

आत्या म्हणाली, "ठिव तुलाच. मला आता पाठ हाय." मैत्रिणीला मी तिथल्या तिथे आत्याची शपथ घातली, कुणाला एक अक्षर सांगायचं नाही. तिलाही सरांनी दोनदा खेडवळ म्हटलं होतं, तेव्हा तिने ती हसत हसत पाळली.

मला वर्गात उठून ओरडायचं नव्हतं. मला सरांना सावकाश त्या जागी आणायचं होतं. अंतर्गत परीक्षेला प्रत्येकाने कादंबरीवर सेमिनार द्यायचा होता. पुढे सर, शेजारी विभागातल्या एक मॅडम, मागे सगळा वर्ग. माझा नंबर आल्यावर कुणीतरी हळूच 'फाटकं पान' म्हणालं. मी ऐकून घेतलं.

पहिली दहा मिनिटं मी सरांचं कौतुक केलं. त्यांच्या गाईडमधले उतारेच्या उतारे वाचले. सर मान डोलवत होते. मग मी गोड आवाजात विचारलं, "सर, म्हणजे दार उघडलं की नाही हे लेखकालाही माहीत नाही?"

"नसणारच. तीच तर ताकद आहे."

"आणि कडीला हात घातल्यानंतर लेखकाने काहीच लिहिलेलं नाही?"

"एक अक्षर नाही," सर म्हणाले, आणि मॅडमकडे बघून हसले. "उशिरा का होईना, कळलं म्हणायचं."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. "मग ही सोळा पानं कुणी लिहिली, सर?"

मी पान उघडलं आणि वाचायला लागले. 'कडी गार होती. तिने ती ओढली आणि मागे वळून नवऱ्याकडे पाहिले.' एवढंच झालं असेल नसेल, सर ताडकन उठले. "बस! वेळ संपली. पुढचा विद्यार्थी." मॅडमनी पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते. मी पुस्तक मिटलं आणि जागेवर जाऊन बसले. काय सांगू, असा आनंद मला सोन्याने मढवलं असतं तरी झाला नसता.

मार्क मिळाले काठावर पासचे. शेरा, 'सादरीकरण उद्धट'. पेटले, पण ते अपेक्षितच होतं. पोरं आता मला सोडून सरांच्या मागे लागली. कॉरिडॉरमध्ये सर दिसले की कुणीतरी निरागस तोंडाने विचारायचं, "सर, पुढे काय होतं हो?" आणि सरांना ते माहीत नव्हतं! त्यांनीच मला थांबवलं होतं. मला कितीतरी जणांनी विचारलं, चहा पाजला, वडापाव खाऊ घातला. मी चहा प्यायले, वडापाव खाल्ला, आणि सांगितलं नाही.

परीक्षा संपल्यावर एका रविवारी सर आमच्या कॉलनीत आले. स्कूटरवरून, विचारत विचारत. पप्पा गडबडून गेले. प्लास्टिकची खुर्ची पुसली, मम्मीने चहा टाकला. सर बसले, इकडे तिकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "ते पुस्तक एक दिवस द्याल का?" पहिल्यांदाच मला अहो-जाहो.

मी म्हटलं, "पुस्तक घरातच आहे. पण देणार नाही."

"अगं!" पप्पा म्हणाले.

सरांनी पप्पांना हातानेच थांबवलं. कपाकडे बघत म्हणाले, "मी पंचवीस वर्षं शिकवतोय ती. मी सगळीकडे शोधलं. मिळत नाही. मला ती कादंबरी... तुम्हाला खोटं वाटेल, पण मला ती फार आवडते हो." मग अगदी हळू, "निदान सांगा तरी. ती बाहेर पडली का?"

क्षणभर माझं मन द्रवलं. खोटं कशाला बोलू, द्रवलं. म्हातारा माणूस, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, आणि एका बाईचं पुढे काय झालं हे विचारायला एवढ्या लांब आलेला. तोंडाशी आलं होतं माझ्या. पण तो मायेचा सूर आठवला आणि मी गिळून टाकलं.

"सर," मी म्हटलं, "ते वाचावं लागतं."

त्यांनी चहा संपवला. उठले. मी रीतीप्रमाणे गेटपर्यंत गेले, नाशिकरोडला कुठून वळायचं ते सांगितलं. पप्पा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. लोक म्हणतात, सूड उगवल्यावर आत पोकळ वाटतं. मला भूक लागली. दोन भाकऱ्या जास्तच खाल्ल्या.

सर आता निवृत्त झालेत. गाईड अजून शालिमारला मिळतं, आतली बाई अजून दाराशीच उभी. मी शाळेत शिकवते. कधी कॉलेज रोडला भाजी घेताना सर समोरून येतात. मी 'जयभीम सर' म्हणते. पूर्वी ते नुसती मान हलवायचे. आता तेही जयभीम म्हणतात, हातातली पिशवी खाली ठेवतात आणि उभे राहतात. मी थांबत नाही.