तुलसाच्या अक्षता

गोंदियाजवळच्या कुडव्याच्या चैनलाल पटलेनं तीस वर्षांत एकही लग्न अक्षतांशिवाय टिपलं नाही. नवरा-नवरीवर पडतात त्या वेगळ्या. या त्याच्या स्वतःच्या. पहिल्या फोटोआधी हळद लावलेले पाच दाणे कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवायचे, हात जोडायचे, दाणे झटकायचे, मग कामाला लागायचं. पुडी बांधून द्यायची त्याची बायको तुलसा. स्टुडिओत फोटो धुतले जायचे त्या काळात त्यांवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्यानं बुजवायची तीच. राजा होऊन रंगमंचावर येणाऱ्या नटाला जसा रंग लावणारा हात, तसा चैनलालच्या फोटोला तुलसाचा हात होता.

त्या तुलसाला काचबिंदू झाला. नळीतून दिसावं तेवढीच नजर उरली, आणि तीही पुढची दिवाळी पाहील असं डॉक्टर म्हणेनात.

"काही पाहाचा रायला का तुले?" चैनलालनं एकदा विचारलं. त्याला वाटलं, काशी म्हणेल.

"समुद्राच्या पोटात काय रायते, थे पाहाचा हाय," ती म्हणाली. "पन तुमी काढलेला. लोकाईचे फोटो तं मोबाइलवरबी दिसतेत."

त्याच हिवाळ्यात वीरेंद्रचा फोन आला. एकेकाळी चैनलालच्याच स्टुडिओत कॅमेरा धरायला शिकलेला हा पोरगा आता पाण्याखाली फोटो काढणाऱ्या नागपूरकरांचा म्होरक्या झाला होता. आठ जणांनी अंदमानात सहा दिवस बोटीवरच राहायचं, तिथंच जेवायचं, झोपायचं आणि दिवसातून तीनदा बुडी मारायची, असा बेत. एक जण गळाला होता.

"उस्ताद, चलो. सामान मी देतो. पोहणं तर तुम्हाला येतंच."

अठ्ठावन्नाव्या वर्षी चैनलाल पाठीवर हवेची टाकी बांधून बुडायला शिकला. गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, म्हशीच्या पाठीवरून उड्या मारत वाढलेला तो. पाण्याचं भय त्याला कधीच नव्हतं. निघताना तुलसानं पुडी दिली. तांदूळ तिनं दाराशी उजेडात बसून, ताट नाकाशी धरून निवडले होते.

बोटीवर पहिल्या संध्याकाळी वीरेंद्रनं त्याचा कॅमेरा पाणबंद पेटीत बसवला. झाकणाच्या खाचेत एक रबरी कडी होती. तिच्यावर केस राहिला तरी पाणी आत शिरतं, म्हणून त्यानं पेटी पंप लावून तपासली आणि दोनदा बजावलं, "आता उघडायची नाही, उस्ताद."

सकाळी सगळे सूट चढवण्यात गुंतले असताना चैनलालनं ती उघडली. पेटीच्या वर दाणे ठेवून त्याचं मन भरेना. पेटी म्हणजे काही कॅमेरा नव्हे. पाच दाणे कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवले, हात जोडले, झटकले. पाचही डेकवर पडलेले त्यानं डोळ्यांनी पाहिले. झाकण लावलं.

पंधरा मीटर खाली पोवळ्यांचा डोंगर होता. निळ्या-पिवळ्या माशांचा थवा समोरून वळला तेव्हा पडदा सरकून सगळे दिवे एकदम लागल्यासारखं झालं. चैनलालनं पेटी डोळ्यांसमोर धरली. काचेच्या आत पाण्याची रेघ चढली होती. तळाशी पिवळं काहीतरी लोळत होतं. दाणा नव्हता, कणी होती. तुटलेला तांदूळ अक्षतांत घालत नाहीत. तीस वर्षांत तुलसाच्या हातून एक कणी सुटली नव्हती. ही तिला दिसली नव्हती; दाण्यांबरोबर येऊन रबरी कडीवर अडकली होती.

वर जाताना अंगावरचा दाब हळूहळू उतरावा म्हणून पाच मीटरवर दोर धरून तीन मिनिटं थांबायचं असतं. थांबला. रेघ चढत होती, भिंग बुडत होतं. मिनिटभरानं त्याच्यानं राहवेना. त्यानं दोर सोडला आणि सरळ वर आला. कानातून रक्त येत होतं.

बोटीवरच्या शिक्षकानं त्याची बुडी बंद केली. वीरेंद्र स्वतःचा कॅमेरा त्याला द्यायला घेऊन आला होता. तो त्यानं परत नेला. उरलेले दिवस चैनलाल डेकवर बसून इतरांना पाण्यात उतरताना पाहत राहिला. गोंदियाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: कानाचा पडदा फाटला, पुन्हा पाण्यात उतरायचं नाही.

घरी त्यानं वीरेंद्रनं काढलेला माशाचा एक फोटो मोठा छापून तुलसाच्या हाती दिला. तिनं तो नाकाशी नेला, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरकवत पाहिला.

"हा तुमचा नोहे."

"काऊन?"

"तुमी बाजूले जागा सोडता. यानं मासा गच्च कोंबला हाय."

मग त्याला सांगावं लागलं. "पाणी शिरला कॅमेऱ्यात."

"अक्षता ठेवल्या होत्या ना जी?"

"ठेवल्या."

"मंग काऊन शिरला?"

चैनलालनं चप्पल काढून भिंतीशी नीट लावली.

"कमी पडल्या असन," ती म्हणाली. "मीच जास्तीच्या द्याले पायजे होत्या. आना थो इकडं."

भिजलेला मोबाइल जसा ठेवतात तसा तिनं कॅमेरा तांदळाच्या डब्यात खोल पुरला. खाऱ्या पाण्यानं आतलं सगळं केव्हाच खाऊन टाकलंय, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं डब्याचं झाकण लावून दिलं. आठ दिवस ती रोज डब्यात हात घालून चाचपत होती.

नवव्या दिवशी तिनं कॅमेरा बाहेर काढला, पदरानं पुसला. फटीफटीत अडकलेले तांदूळ बोटांच्या टोकांनी शोधून एकेक वेचले आणि तो त्याच्यापुढे धरला.

"माह्या डोळ्याचा भरोसा नाही. एखादी कणी-गिणी रायली का, पाहा बरं."

बटणाच्या खाचेत एक होती.

"नाही," चैनलाल म्हणाला.