गाण्यातून गाळलेली हाक

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव वर्ध्याकडची सिंदी... रेल्वेवाली हं, मेघेवाली नव्हे. शाळेत गाण्याचे नवे मास्तर आले, सोबत पेटी, आणि गॅदरिंगसाठी आम्हा मुलींच्या खेळातल्या गाण्याला नवी चाल लावायचं खूळ.

गाणं दोनच ओळींचं. ‘खोल इहिरीत कोन गं गेलं? धाकटी गेली, पानी आलं.’ एकीने गुडघ्यांत डोकं घालून मधे बसायचं, बाकीच्यांनी फेर धरायचा. शेवटी तिचं नाव घेऊन तीनदा हाक मारायची, ‘घरी ये गं’... मगच तिने उठायचं.

मास्तरांची चाल गोड होती, खोटं कशाला बोलू. पण हाकांचा कल्ला पेटीवर बसेना, म्हणून त्यांनी हाकाच गाळल्या. आम्ही तर पेटी बघूनच हुरळलेल्या.

दुपारी तालमीला फेराच्या मधे माझी धाकटी बहीण कुसुम बसली होती. शेवटचा सूर विरला... कुसुम उठली नाही. आधी आम्ही हसलो.

मग मी तिचं डोकं वर केलं. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. हात माठासारखे गार. मास्तरांनी तोंडावर पाणी मारलं, हलवून पाहिलं... काही नाही.

कुणीतरी पळत जाऊन आईला वावरातून आणलं. वेचलेला कापूस ओटीत तसाच होता. सगळं ऐकून ती मास्तरांना एवढंच म्हणाली, "हाक काऊन गाळली, मास्तर? पोरगी खालीच राह्यली ना."

मग तिने स्वतः हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला कुसुमची पापणी हलली. आईला बिलगून ती हळूच म्हणाली, "माय, खाली अजून एक पोरगी बसून हाये. तिले कोनी हाक मारून नाई राह्यलं."

आईने तिला पदराखाली घेतलं. घरी गेल्यावर तिने सांगितलं... कुठल्याशा गावी नव्या विहिरीला पाणी लागेना, म्हणून विहीर खणणाऱ्या घरातली धाकटी लेक आत सोडली होती म्हणे. पाणी लागलं, पण तिला वर कुणी काढलं नाही. गाण्यातल्या हाका तिच्या आईच्या.

गॅदरिंगला मास्तरांनी पेटी थांबवून हाका पुन्हा घातल्या. मधे बसलेली कुसुम उठली. टाळ्या पडणार, इतक्यात बायकांमधून आई उभी राहिली. विहिरीतल्या त्या पोरीचं नाव तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"धाकटे, तू बी ये गं घरी," आई म्हणाली.

कुसुम जरा बाजूला सरकली... शेजारी कुणाला तरी जागा करून द्यावी तशी.

बहीण मला परत मिळाली ती आईमुळे. आणि ती दुसरीही त्या दिवशी घरी पोचली, असं मी आजही मानते.