सत्यभामेचा दुसरा अध्याय

दारव्ह्याच्या अलीकडच्या एका गावात सत्यभामा ब्लाउज शिवायची. वडील शाळामास्तर होते. रणात धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाला कृष्णानं जे समजावलं, ते त्यांनी लेकीकडून अर्थासकट पाठ करून घेतलं होतं. त्यातला दुसरा अध्याय तिच्या तोंडी विशेष बसलेला. म्हणून गावात कोणी गेलं की दहा दिवस दिवेलागणीला पोथी वाचायला तिलाच बोलावणं यायचं.

पूर्वी वर्षाकाठी दोन-तीन घरं असायची, तीही म्हाताऱ्यांची. मग कापसाची ती वाईट वर्षं आली आणि मरणाचं वय उतरलं. दोन हजार सहाच्या पावसाळ्यापर्यंत एका वर्षात तिनं नऊ घरी वाचलं. पहिल्या तीन घरांत वाचता वाचता तीही रडली. चौथ्या घरी, जुनं वस्त्र टाकावं तसा जीव देह टाकतो, हे सांगता सांगता तिच्या मनात आलं, की गेलेल्या पोराच्या आईचं पोलकं आपल्या मशीनवर पडलंय, बाह्या लावायच्या राहिल्यात. त्यानंतर तिला रडू आलं नाही.

पोळ्याच्या सुमाराला पुसदला तिचा थोरला भाऊ भगवानराव बसल्या जागी गेला. लहानपणी त्यानंच तिला सायकलवर डबलसीट शाळेत नेलं होतं. त्याच्या फोटोसमोर ती दहा दिवस एका सुरात वाचत राहिली. बाया आपसात म्हणाल्या, "सुख-दुःख सारखंच झालं बाईले. ज्ञान झालं म्हणा ना."

दिवाळीत लेकीला मुलगा झाला. नातू मांडीवर दिला तेव्हा सत्यभामेनं त्याची मान सांभाळली, बोटं मोजली. आत काही हललं नाही. लेक तिच्या तोंडाकडं बघत होती, म्हणून ती हसली.

नवरा श्रावण जीप चालवायचा. फार बोलणारा नव्हता, पण त्याच्या ध्यानात आलं.

"तुले काही होते का?" त्यानं विचारलं.

"काहीच होत नाही. तेच तर."

"डॉक्टरले दाखवू."

"काय दाखवू? कुठं दुखतच नाही."

मार्गशीर्षात विमलच्या घरून बोलावणं आलं. विमल सव्वीस वर्षांची. तिच्या नवऱ्यानं शेतातच जीव दिला होता. पाचव्या दिवशी, सुखानं फुलत नाही अन् दुःखानं खचत नाही त्या स्थिर माणसाचं वर्णन आलं. वाचन झालं, बाया उठून गेल्या. विमल मात्र भिंतीला टेकून तशीच बसून राहिली.

"मावशी, मले बी तुमच्यासारखं करा. काहीच वाटू नये, असं."

सत्यभामा पोथी फडक्यात बांधत होती. हात थांबले.

"माह्यासारखं नको होऊ, बाई."

"काहून? सारं गाव म्हणते."

"गावाले काय माहीत. पोथीतला माणूस समुद्रासारखा हाय. इतक्या नद्या येऊन मिळतात, तरी हलत नाही, कारण तो भरलेला असते. आटलेल्या विहिरीतही काही हलत नाही. मी तशी हाय."

हे ती पहिल्यांदाच कोणाला बोलली. बोलून हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसंही काही वाटलं नाही.

विमलनं फडक्यातल्या पोथीकडं पाहिलं. मग म्हणाली, "मग वाचता कायले?"

"लोक बोलावतात. अन् मले दुसरं येते काय?"

"कापूस वेचता येते का? वावरात बोंडं फुटून लोंबून राह्यली. सुतकाच्या घरी कोणी मजूर येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामा मशीनवर कापड झाकून विमलच्या वावरात गेली. दोघींनी वेचलेल्या कापसासाठी कमरेला ओट्या बांधल्या, शेजारशेजारच्या तासांत, कपाशीच्या दोन ओळींत, उभ्या राहिल्या. दव होतं, कापूस ओलसर लागत होता. दुपारपर्यंत दोघी वेचत राहिल्या. आपला अधिकार फक्त कामावर, फळावर नाही, हे तिनं शेकडो वेळा वाचलं होतं. त्या दिवशी ते तिच्या मनात आलंसुद्धा नाही. फक्त बोटांना बोंडाची टोकं टोचत होती आणि ते तिला कळत होतं.

तासाच्या शेवटी विमल एकाएकी खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. सत्यभामेनं तिला समजावलं नाही. तिच्या तासातली राहिलेली बोंडं वेचून ओटीत घेतली आणि मग तिच्याजवळ मातीत बसली. विमलचं रडणं थांबेपर्यंत ती तिथंच होती.