स्टुलावरचं प्लास्टिक

आमच्या मोठ्या जाऊबाईंना घरात सगळे 'चौकशी खिडकी' म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. शेजारणीने चहाला बोलावलं की आधी विचारतात, "का?" डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की पाकीट उलटंसुलटं करून बघतात, जणू औषधवाल्यांनी डॉक्टर विकतच घेतलेले आहेत. माझं लग्न ठरायच्या आधी ही मंडळी माझ्या माहेरी आली, तेव्हा सगळे गप्पा मारत होते आणि जाऊबाई कपाटामागे भिंतीला ओल आहे का ते बघत होत्या. होती. ती ओल त्या मला अजून ऐकवतात.

जाऊबाई पडदे-चादरींच्या दुकानात कामाला आहेत. मी या घरात आले त्याच्याही आधीपासून. सकाळी शटर वर जातं तेव्हा उभ्या राहतात, ते शटर खाली येईपर्यंत. बसायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही, पण दुकानात खुर्ची एकच आणि ती मालकाची. सोफा आहे तो गिऱ्हाइकांचा. बसलेली बाई दिसली की दुकान चालत नाही असं लोकांना वाटतं, असं मालकाचं म्हणणं. मग बायका एक पाय उचलून दुसऱ्यावर भार टाकतात, पडद्यांच्या ताग्यांना पाठ टेकतात, आणि अगदीच असह्य झालं की 'तो निळा रंग बघून येते' म्हणून गोदामात जाऊन गठ्ठ्यावर टेकतात. त्या दुकानात निळा रंग फार शोधावा लागतो.

मी घरी मशीनवर उशांचे अभ्रे शिवते. दिवसभर बसून. त्यामुळे संध्याकाळी आमच्या घरात एकीच्या कंबरेचा काटा ढिला आणि दुसरीच्या पायांचे तुकडे. आमचे मोठे दीर म्हणतात, तुम्ही दोघी अर्धा अर्धा दिवस बदलून का घेत नाही? असला विनोद त्यांनाच सुचतो. ते स्वतः गाडी चालवतात, म्हणजे बसतात.

यंदा मात्र विनोदाचं राहिलं नाही. जाऊबाईंच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिवसातून मधे मधे बसायला मिळालं तर निभेल, नाहीतर ऑपरेशन आणि नंतर घरी सक्तीची विश्रांती. आणि त्या दुकानात जी बाई विश्रांतीला गेली, तिच्या जागी दुसऱ्या आठवड्यात दुसरी बाई उभी असते. जाऊबाईंनी पहिल्यांदाच गोळ्यांचं पाकीट न बघता पिशवीत टाकलं.

अशात नगरपालिकेची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात उभी राहिली बाजारातली चपलांच्या दुकानाची मालकीण. तिचं पत्रक घरोघर आलं. दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा, आठवड्याची हक्काची सुट्टी, बाजारात बायकांसाठी कुलूप लावून न ठेवलेलं स्वच्छतागृह, कंत्राटी झाडूवाल्यांना कायम करणं. जाऊबाईंनी पत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "दुकानदारीण दुकानदारांविरुद्ध बोलते. कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुम्हाला कुठे मुरत नाही?" मी म्हटलं.

"तुझ्या माहेरच्या भिंतीत मुरत होतं."

दुकानातल्या बाकीच्या पाच जणींनी मात्र जाऊबाईंना गाठलं. "तुम्ही माणूस पारखता. ही बाई खरी आहे की नाही ते तुम्हीच सांगा. तुम्ही हो म्हणालात तर आम्ही सगळ्या सभेला येऊ." सभेला जाणं सोपं नव्हतं. मालक हसत हसत बोलले होते, ज्यांना सभेला जायचंय त्यांनी जरूर जावं, पण मग दुसऱ्या दिवशी दुकानात यायची तसदी घेऊ नये.

आणि त्याच आठवड्यात दुकानात स्टुलं आली. बायका सहा, स्टुलं तीन. मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आपल्याकडे मागायच्या आधी मिळतं. आता सभेत जाऊन काय मागणार?" बायका खूश झाल्या. सगळ्यात लहान होती ती स्टुलांच्या गाद्यांवरच्या प्लास्टिकला हात घालायला गेली, तसा दुकानाचा मॅनेजर म्हणाला, "राहू दे, राहू दे. घाण होतील."

जाऊबाईंच्या मनात पाल चुकचुकली. घरी येऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. त्या स्टुलावर कोणी टेकलं की मॅनेजर मधाळ आवाजात म्हणायचा, "मोकळ्या आहात वाटतं? जरा त्या चादरींच्या घड्या करता का?" दोन दिवसांत त्या स्टुलांकडे कोणी फिरकेना.

"आणि प्लास्टिक का काढू देत नाहीत, कळलं का तुला?" जाऊबाई म्हणाल्या. "निकाल लागला की परत करायची सोय आहे ती."

मला हे फारच वाटलं. इतकं कोण कोणाचं वाईट चिंततं? पण जाऊबाईंशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. त्या पुढे म्हणाल्या, "मालकाचं कळलं. आता त्या चपलावालीचं बघायचं. उद्या मी रजा घेतलीय. तू चल माझ्याबरोबर. गिऱ्हाईक म्हणून जायचं, ताकास तूर लागू द्यायची नाही."

चपलांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. दारावरच्या फलकावर मालकिणीचा हात जोडलेला फोटो, आत उंच कपाटात डबेच डबे. मालकीण प्रचाराला गेलेली. काउंटरमागे एक मुलगी स्टुलावर बसून बुटांना नाड्या ओवत होती. आम्ही आत गेलो तरी ती उठली नाही. मान वर करून छान हसली आणि म्हणाली, "या. काय दाखवू?"

"पायाला मऊ लागेल असं काहीतरी," जाऊबाई म्हणाल्या.

"तसलं सगळं तुमच्या डाव्या हाताला आहे बघा. तो पांढरा डबा काढा ना."

जाऊबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला ते त्यांच्या मानेवरूनच कळलं. "अगं ए, गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि तू बसून हुकूम सोडतेस? उठून बोलायची पद्धत नाही का तुमच्यात?"

मुलगी ताडकन उठली. नाडी हातातून सुटली, बूट खाली पडला. "चुकलं, मावशी," म्हणत ती धावत बाहेर आली, जाऊबाईंना खुर्ची दिली, पांढरा डबा काढला आणि खाली बसून त्यांच्या पायातल्या जुन्या चपला काढू लागली. मग तिचे हात थांबले. सुजलेले घोटे, वर चढत गेलेल्या निळ्या शिरा. तिने ते पाय एकदा बघितले आणि वर बघून हळूच विचारलं, "कुठल्या दुकानात असता, मावशी?"

तिने टोमणा मारला नव्हता. अगदी काळजीने विचारलं होतं, आणि म्हणूनच ते झोंबलं. जाऊबाईंचा चेहरा पार उतरला. ज्या बाईकडे जगातल्या प्रत्येक माणसासाठी एक प्रश्न तयार असतो, तिने त्या मुलीच्या साध्या प्रश्नावर आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मला त्यांची दया आली, आणि रागही आला. स्वतः आयुष्यभर उभी राहिलेली बाई दुसरीला बसलेलं बघू शकत नाही, हे काय आहे?

"बस," जाऊबाई शेवटी म्हणाल्या.

"बसलेच आहे की."

"इथे नाही. तिकडे, तुझ्या जागेवर जाऊन बस. चपला माझ्या मी घालून बघते."

तरी जित्याची खोड कुठे जाणार! निघताना त्या काउंटरच्या कडेने डोकावल्याच. स्टुलाचं रेक्झिन फाटलेलं, त्यावर चिकटपट्टी, तीही कडेने काळी पडलेली. "हे कधीपासून आहे गं?"

"मी लागले तेव्हापासून. आधीच्या ताई पण यावरच बसायच्या."

आता शंका घ्यायची पाळी माझी होती. इतकी वर्षं जाऊबाईंबरोबर राहिल्यावर वाण नाही पण गुण लागणारच. रस्त्यात मी म्हटलं, "निवडणुकीपुरतं कुठून तरी जुनं स्टूल आणून ठेवलं असेल. नवं ठेवलं तर लोकांना कळेल, एवढी अक्कल त्या बाईला असणारच."

जाऊबाई म्हणाल्या, "स्टूल जुनं आणता येईल. पण मी आत गेले तरी ती मुलगी उठली नाही. ते कुठून आणणार?" आणि थोडं चालून गेल्यावर, "आणि मी तिला उठवली."

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. दुकानातल्या सहाच्या सहा जणी आल्या होत्या. जाऊबाईंनी त्यांना 'बाई खरी आहे' असं काही सांगितलं नव्हतं. "अजून एक गोष्ट विचारायचीय, समोर विचारू," एवढंच सांगितलं होतं. मागच्या दाराशी दुकानाचा मॅनेजर उभा होता. सहज आलोय असा चेहरा करून एकेकीचं तोंड टिपत होता. जाऊबाई मात्र सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

उमेदवारीण बोलायला चांगली होती, जरा जास्तच चांगली. दुकानांचे परवाने नगरपालिका देते, तेव्हा बसायची जागा ही परवान्याची अट करता येईल, असं तिने समजावून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग कोणाला काही विचारायचंय का, म्हणाली. जाऊबाईंनी हात वर केला.

"हो, विचारा ना. उभ्या राहून बोला ताई, म्हणजे मागच्यांना दिसाल."

जाऊबाई सवयीने अर्ध्या उठल्या. गुडघे सरळ व्हायला लागले होते. तेवढ्यात थांबल्या आणि परत खाली बसल्या.

"नाही. बसूनच विचारते. मागच्यांना ऐकू आलं म्हणजे झालं."

हॉल हसला. उमेदवारीण ओशाळली, पण तीही हसली. जाऊबाई काही हसल्या नाहीत.

"स्टुलं आमच्या दुकानात आलीत. तीन आहेत. पण त्यावर बसलं की काम निघतं. तुम्ही परवान्यात स्टूल लिहाल, पण बसलेल्या बाईला उठवायचं नाही हे कसं लिहाल? मालक उठवतो. मॅनेजर उठवतो, ते बघा, मागे उभे आहेत. आणि गिऱ्हाईक उठवतं. परवा तुमच्या दुकानात मी स्वतः एका मुलीला उठवलं. माझे पाय असे असून."

उमेदवारिणीने समोरचा कागद उगाच सरळ केला. "याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

"बरं. मग दुसरं सांगा. जे आम्हाला सांगितलंत तेच व्यापाऱ्यांच्या सभेत सांगितलंत का?"

"त्यांची सभा परवा आहे."

"मग परवा आम्ही मागे येऊन बसू," जाऊबाई म्हणाल्या.

घरी येताना मी विचारलं, "मग? खरी आहे का बाई?" जाऊबाई म्हणाल्या, "परवा कळेल." मला माझी काळजी वेगळीच होती. त्या परवाच्या आधी उद्याची सकाळ होती.

सकाळी मी अस्तराचं कापड घ्यायचं निमित्त काढून त्यांच्या मागोमाग दुकानात गेले. सभेत मॅनेजरचं लक्ष दुकानातल्या सहा जणींवरच होतं, आणि मालकांनी मला आजवर पाहिलेलं नव्हतं. ते खुर्चीत बसले होते आणि सहा जणींपैकी कोणाशी बोलत नव्हते. मॅनेजर दाराशी उभा राहून आत येणाऱ्या प्रत्येकीकडे असा बघत होता, जणू आज शेवटचं बघतोय. रॅकच्या आडोशाला ती तीन स्टुलं, प्लास्टिक चकाकत होतं.

जाऊबाईंनी पिशवी ठेवली. टेबलावरची पडदे कापायची मोठी कात्री उचलली आणि पहिल्या स्टुलाचं प्लास्टिक चराचरा कापलं. मग दुसऱ्याचं.

"अहो, अहो! काय करताय?" मॅनेजर धावला. "ते आता परत—"

सगळं दुकान त्याच्याकडे बघत होतं. मालकही.

"परत काय?" जाऊबाईंनी विचारलं.

इतके दिवस मी ज्याला जाऊबाईंचा नुसता संशय समजत होते, ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं होतं. जाऊबाईंनी तिसरं स्टूलही मोकळं केलं, प्लास्टिकची घडी घालून मालकाच्या टेबलावर नीट ठेवली आणि पहिल्या स्टुलावर बसल्या. कात्री मांडीवर होती. बाकीच्या पाच जणी जागच्या हलल्या नाहीत. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

मी काउंटरपाशी गेले. "अस्तराचं कापड हवंय," मी म्हटलं.

जाऊबाईंनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "डाव्या हाताला आहे. तो पांढरा तागा काढा ना."

मालक खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसली, गिऱ्हाईक आता चिडेल म्हणून. "माफ करा हं बाई," ते घाईघाईने म्हणाले, "उठतील त्या, आत्ता उठतील."

"कशाला?" मी म्हटलं, आणि तागा माझा मीच काढला.

मागे दुसरं स्टूल सरकल्याचा आवाज आला. सगळ्यात लहान होती ती बसली होती.