वसतिगृहाचा बंद रकाना

"अजून एकदा दाब. बघू उघडतंय का."

रजिस्ट्रार खुर्चीत रेलून चहा पीत होता. समोरच्या भिंतीवर त्याच्या कॉलेजचा ऑनलाइन प्रवेश अर्ज मोठा करून दाखवला होता, आणि त्यात माझं नाव. आम्ही कॉलेजांच्या वेबसाइट बनवतो, आणि आमच्या ऑफिसात पद्धतच आहे, वेबसाइट तपासताना कीबोर्डवर बसलेल्याने स्वतःचीच माहिती भरायची. म्हणून मी माझं नाव टाकलं. गाव हरसूल. प्रवर्ग अनुसूचित जमाती. प्रवर्ग निवडताक्षणी खालचा वसतिगृहाचा रकाना राखाडी झाला. आत आपोआप शब्द आले, 'जुनी इमारत'. मी दाबलं. उघडेना. तो म्हणाला म्हणून पुन्हा दाबलं. उघडेना.

"वा! एकदम पॅक." तो हसला. आमचे साहेबही हसले.

रकाना बंद करणारा कोड मीच लिहिला होता. कधी बंद करायचा ते कॉलेज ठरवेल, एवढंच मला सांगितलं होतं. मला वाटलं, जागा भरल्या की बंद होईल. प्रवर्गाची अट साहेबांनी त्या सकाळी घातली होती, मला न सांगता.

"असं का, सर?" मी विचारलं.

"नव्या इमारतीतले पालक कटकट करतात. आमच्या मुली यांच्याबरोबर एका खोलीत नकोत म्हणतात. मग सोयच वेगळी केली. कुठे बोभाटा नको." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू मनावर घेऊ नकोस. तू आता आमच्यातलीच झालीस."

आमच्यातलीच! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

नाशिकला शिकायला आले तेव्हा माझ्या खोलीतल्या मुलीने पहिल्याच संध्याकाळी गादी गुंडाळली आणि शेजारच्या खोलीत निघून गेली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण निदान तिला गादी तरी उचलावी लागली. आता कुणाला हातसुद्धा हलवायला नको. बारावी झालेली पोरगी हरसूलच्या झेरॉक्सच्या दुकानात बसेल, तो रकाना दाबत राहील, आणि तिला वाटेल, आपल्यालाच अर्ज भरता येत नाही. याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

मी तिथेच कोड उघडला. सगळ्यांदेखत ती अट खोडली. पान पुन्हा उघडलं, माझी माहिती भरली आणि रकान्यात 'नवीन इमारत' निवडलं.

"हे काय चालवलंयस?" साहेब ओरडले.

"मी हे करणार नाही. दुसऱ्या कुणी केलं तर गप्पही बसणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत."

आईला फोन केला तर ती रडायलाच लागली. "कशाला बोललीस गं? चांगली नोकरी व्हती. तिथं आपलं कोन हाय?" तिचा राग नाही येत मला. तिला जन्मभर घाबरायला लावणाऱ्यांचा येतो.

ती अट एव्हाना दुसऱ्या कुणीतरी परत घातली असेल. घालू दे. आदिवासी प्रकल्प कार्यालयात मी लेखी तक्रार दिली आहे, माझ्या नावानिशी. प्रवेश सुरू झाले की गावच्या मुलींचे अर्ज मी शेजारी बसून भरून घेणार आहे. रकाना बंद दिसला, की त्या मुलींना आणि त्यांच्या आईबापांना घेऊन थेट त्या रजिस्ट्रारच्या टेबलासमोर उभी राहणार. नाही म्हणायचंय ना? मग स्वतःच्या तोंडाने म्हण, आमच्या डोळ्यांत बघून.