मशेरीचा डबा

गावात मला संशयी म्हणत, आणि खोटं कशाला सांगू, होतोच मी तसा. दूधवाल्याने एखाद्या दिवशी दुधात पाणी घातलं नाही, तर आज का घातलं नाही म्हणून मी विचारात पडत असे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून पन्नासच्या दशकात कुवेतला आलो तो हा स्वभाव सोबत घेऊनच. सुकात, म्हणजे तिथल्या बाजारात, एका अरबी व्यापाऱ्याच्या गोदामावर मुंबईहून आलेला माल तपासून घ्यायचं काम मिळालं. पेट्या उघड, गठ्ठे मोज, ओलं-सुकं बघ. मालक माझ्यावर खूश होता. संशयी माणसाला त्याहून चांगली नोकरी मिळणार कुठे?

काही वर्षांनी इकामा झाला, म्हणजे राहायचा परवाना, आणि मी बायकोला बोलावून घेतलं. सालमियात समुद्राच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ती बोटीने आली. ट्रंकेतून तिने एकेक वस्तू काढून मांडली आणि शेवटी एका रुमालातून दात घासायचा ब्रश आणि पेस्टची नळी काढली. मुंबईच्या धक्क्यावर हौसेने घेतली होती. परदेशात राहायचं तर परदेशातल्यासारखे दात घासावेत, असं तिच्या मनात होतं.

मी ब्रश उजेडात धरला. "ह्याचे केस कसले?"

"कसले म्हणजे? ब्रशाचे."

"अगो, डुकराचे असतात! आणि ह्या नळीत चरबी कसली ते कोण सांगणार? तोंडात घालायची वस्तू, वर त्याच तोंडाने कलमा पढायचा."

"अवो, सगळं जग घासतंय ह्याने."

"जग घासू दे. आपल्या घरात नाय."

दोन्ही वस्तू मी कचऱ्यात टाकल्या. मी स्वतः मशिदीच्या दारात मिळायचा तो मिस्वाक वापरी, पण त्या काडीची चव तिला सोसत नव्हती. मग मी अम्माला पत्र लिहिलं, सुनेसाठी घरची मशेरी पाठव. आमच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मशेरीनेच दात घासत आल्या. तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरायची, बोटाने हिरडीला लावायची. त्यात परक्याचा हात नाही, कुठे भेसळ नाही. महिन्याभरात अम्माचा पहिला डबा आला. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला कापड शिवलेलं, वर माझं नाव. बोटीवर काम करणारा आमच्या गावचा एक खलाशी तो आणून देई. ह्या डब्याकडे मी कधी संशयाने बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी डबा येत राहिला.

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी लवकर घरी आलो, तर बायको भातावर नुसती पेज ओतून जेवत होती. ताटात ना कालवण, ना लोणचं. माझ्यासाठी मात्र माशाचं तिखट झणझणीत कालवण करून ठेवलेलं.

"हे काय आजाऱ्यासारखं जेवण?"

"तिखट झोंबतं जरा. होईल बरं."

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने."

दोन-तीन महिने! आणि मला पत्ता नाही. मी लगेच म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. आणि पाण्यावरच माझा पहिला संशय गेला. कुवेतचं गोडं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी यंत्रात घालून गोडं केलेलं. खाऱ्याचं गोडं करताना आत काय टाकत असतील कुणास ठाऊक! पाण्याची टाकीगाडी आली की मी खाली जाऊन ड्रायव्हरच्या नळीला नाक लावून वास घेई. तो बिचारा इराणी, मला वेडा समजून हात जोडी. मी घरात पाणी दोनदा उकळायला लावलं. तरी तिला तिखट झोंबतच होतं.

मग मी दुकानदारावर घसरलो. मिरची पावडरीत रंग असणार. तिसऱ्या आठवड्यात मासळीवाल्याशी भांडलो. त्यानंतर वाटलं, ही वाळू. वारा सुटला की दाराच्या फटीतून पिठासारखी धूळ येई. दारा-खिडक्यांना मी चिंध्या कोंबल्या. भर उन्हाळ्यात आम्ही दोघं आत उकडत बसलो. बायको म्हणाली, "तोंडाचं दुखणं राहिलं बाजूला, तुमी मला गुदमरवून मारणार."

शेवटी तिनेच विषय काढला. सरकारी दवाखान्यात दातांचा डॉक्टर आहे, पैसे पडत नाहीत, शेजारची बाई जाऊन आली.

"फुकटात दुसऱ्याच्या तोंडात हात घालणारा माणूस मला आधी बघू दे," मी म्हणालो.

डॉक्टर पॅलेस्टिनी होता, तरुण, हसतमुख. मला हसतमुख डॉक्टर आवडत नाही. नर्स केरळची, हिंदी बोलणारी. बायकोला मराठीशिवाय काही येत नव्हतं, हिंदी समजे थोडंफार. म्हणून मी तिच्या खुर्चीला चिकटून उभा राहिलो आणि डॉक्टरने जे जे विचारलं त्याची उत्तरं मीच देऊ लागलो. गोदामातलं इंग्रजी मला येत होतं.

त्याने तिचा खालचा ओठ बोटाने खाली ओढला आणि त्याचं हसू गेलं. मीही वाकून बघितलं. आतल्या बाजूला, हिरडीपाशी, बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा होता. वाळलेल्या सायीसारखा, सुरकुतलेला.

"ह्या बाई तंबाखू खातात?" त्याने विचारलं.

"तोबा तोबा!" मी म्हणालो. "आमच्या घरात तंबाखू नाही. पान नाही, विडी नाही. मी सिगारेटला शिवत नाही."

"चघळतात? दाढेत धरतात?"

"नाही म्हटलं ना!"

तो पुन्हा वाकला, पुन्हा बघितलं, आणि तिसऱ्यांदा तेच विचारलं. माझा पारा चढला. खानदानी घरातल्या बाईला भर दवाखान्यात तीन-तीनदा तंबाखू खातेस का म्हणून विचारतो म्हणजे काय? मी त्याला सुनावलं. बायको तोंड उघडं ठेवून छताकडे बघत होती. त्याने लावायला जांभळं औषध दिलं आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

त्या तीन आठवड्यांत मी औषधाच्या बाटलीवरही नजर ठेवली. रोज पातळी बघायची, रंग बघायचा. तिचे ओठ जांभळे, माझं डोकं गरम. चट्टा तसाच राहिला. उलट मला तो मोठा वाटला. पुढच्या खेपेस डॉक्टर गंभीरपणे म्हणाला, ह्याचा छोटा तुकडा कापून तपासायला पाठवू. असे चट्टे कधीकधी कॅन्सरकडे जातात.

तो शब्द मी बायकोला सांगितला नाही. पण घरी जाताना टॅक्सीत तिनेच विचारलं, "कापायचं म्हणाला ना?"

"बघू. हे लोक परदेशी माणसांवर हात साफ करून घेतात. मला ह्यात काळंबेरं दिसतंय."

मी भयंकर घाबरलो होतो, हे आता कबूल करतो. शुक्रवारी तिला फिंतासला समुद्रावर घेऊन गेलो. तिथे खजुरीच्या सावलीत बसून ती एवढंच म्हणाली, "मी मेले तर मला इथल्या वाळूत नका पुरू. गावाला न्या." मला रडू आलं. मी तिच्यावर खेकसलो, की असलं वेड्यासारखं बोलू नकोस.

आठवड्याने आम्ही तुकडा द्यायला गेलो. ह्या वेळी नर्सने दारात माझ्यापुढे हात आडवा धरला. "भाईसाब, आप बाहर बैठिये." मी का म्हणून विचारलं. ती म्हणाली, बाई घाबरतात, मी दोन शब्द बोलते. दार बंद झालं. मी बाकावर बसलो आणि कान दाराला. आतून कुजबुज. माझ्याबद्दल काय सांगतेय? हिला काय विचारताहेत? माझ्या पाठीमागे माझ्याच बायकोशी कसली खलबतं चालली आहेत? उठून दार ढकलणार, एवढ्यात ते उघडलं.

"आइये," नर्स म्हणाली.

आत स्टीलच्या ट्रेमध्ये, चिमटे आणि कापसाच्या शेजारी, अम्माचा डबा ठेवला होता. झाकण उघडं. बायकोच्या पिशवीत तो कायम असे, हे मला ठाऊक होतं. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

नर्सने तिला फक्त एक साधा प्रश्न विचारला होता. तुम्ही दात कशाने घासता? आणि बायकोने पिशवीतून डबा काढून तिच्या हातावर ठेवला होता.

डॉक्टरने चिमूटभर काळी पूड उचलली, हुंगली, जिभेला लावली आणि लगेच बेसिनमध्ये थुंकला. माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "हा तंबाखू आहे."

"छे! ही मशेरी आहे," मी म्हणालो. "दात घासायची. घरची."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. आमच्या घरामागच्या पडवीतला तवा डोळ्यांपुढे आला. अम्मा तंबाखूची पानं भाजायची तेव्हा सगळं घर ठसकत असे. मी लहानपणी नाक धरून अंगणात पळायचो. तंबाखूची पानंच ती, बाजारातून मीच आणून द्यायचो! पण तवा उतरला की तिचं नाव मशेरी होई, आणि मग आमच्यापैकी कुणी तिला तंबाखू म्हणत नसे. तीनदा विचारलं त्या माणसाने. तीनदा मी छाती पुढे काढून नाही म्हणालो.

"दिवसातून कितीदा लावता?" नर्सने बायकोला हिंदीत विचारलं.

बायकोने माझ्याकडे न बघता बोटांवर मोजून सांगितलं. सकाळी एकदा. चहानंतर. जेवल्यावर. गावचं पत्र आलं की, आणि आलं नाही की. हे बाहेर गेले, दारं लावलेली, बोलायला माणूस नाही, मग जरा जीव रमायला. आणि झोंबायला लागल्यापासून जास्तच, कारण मशेरी लावली की तेवढा वेळ तिथे बधिर होतं.

डॉक्टरने तुकडा घेतला. तपासणीचा निकाल यायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस मी गोदामात एकही पेटी धड तपासली नाही. मालकाने दोनदा विचारलं, तब्येत ठीक आहे ना. दहाव्या दिवशी डॉक्टर पुन्हा हसत होता. कॅन्सर नाही, पण त्या वाटेवर होतं. हे आजपासून बंद. दर दोन महिन्यांनी दाखवून जायचं. आणि त्याने खणातून एक ब्रश काढून बायकोच्या हातात दिला.

मी तो ब्रश उलटा-सुलटा करून बघण्यासाठी हात पुढे केला. बायकोने हात मागे घेतला.

घरी आल्यावर तिने डबा उचलला, मोरीत रिकामा केला आणि पाणी ओतलं. मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "पाण्याला विचारलंत, मिरचीला विचारलंत, मासळीवाल्याशी भांडलात. माझ्या तोंडात काय जातं ते मला एकदा तरी विचारलंत?"

तिच्याबद्दलची उत्तरं मी आजवर सगळ्यांना दिली होती.

चार-सहा महिन्यांत चट्टा विरत गेला; मधल्या काळात आलेले अम्माचे डबेही तिने मोरीतच रिकामे केले. ती पुन्हा कालवण ओरपू लागली. पहिल्या दिवशी तिने मिरची चावून खाल्ली आणि दोघं पोट धरून हसलो. त्याच आठवड्यात मी अम्माला लांबलचक पत्र लिहिलं. मशेरी पाठवू नकोस, तूही लावू नकोस, डॉक्टर असं असं म्हणतो.

अम्माचं उत्तर गावच्या मास्तरांच्या हस्ताक्षरात आलं. मी ते दारातच उभ्या-उभ्या मोठ्याने वाचायला लागलो. डॉक्टरला काय कळतंय, असं तिने लिहिलं होतं. मशेरीने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून लावते, माझे सगळे दात जागेवर आहेत. सुनेला नको असेल तर नको, पण मला ह्या वयात शिकवू नकोस. बाकी सगळं खुशाल. हल्ली वर्षभर तेवढं तिखट झोंबतं, म्हणून पेज-भात जेवते. काळजी नसावी.

मी पत्र खाली केलं. बायकोने पत्र माझ्या हातातून घेतलं, शेवटची ओळ स्वतः पुन्हा वाचली, आणि कपाटावरची ट्रंक ओढून खाली काढली.

"पहिल्या बोटीने जा," ती म्हणाली. "आणि पत्र नका लिहू आता. समोर बसा, तोंड उघडायला सांगा, आणि त्यांनाच विचारा."